नावात आई आली, माहेर राहिले

राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव येते. त्या वर्षीची बाळे आता नाव विचारले की बोबडे बोलत ते सांगू लागली आहेत. या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ छापून झाले. मला मात्र ती चर्चा वाचताना सारखे नाशिकचे पांडवलेणे आठवत राहिले.

तिथल्या तिसऱ्या लेण्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला एक मोठा प्राकृत लेख आहे. पुळुमावी राजाच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी त्याच्या आजीने, गौतमी बलश्रीने, हे लेणे भिक्षूंना दान केले. आपल्या दिवंगत मुलाचा पराक्रम ती त्यात ओळीमागून ओळी सांगते आणि स्वतःची ओळख महाराजाची आई, महाराजाची आजी अशी करून देते. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती, तरी राजाच्या नावात पहिला मान आईचा. आणि ‘गौतमी’ हे काही तिचे पाळण्यातले नाव नव्हे. ते गोत्रावरून आलेले, म्हणजे मुलाच्या नावात आईचे कुळ कोरलेले. दगडात कोरलेली ती अक्षरे आजही वाचता येतात, याचा मला फार आनंद वाटतो.

पुढच्या काळात आपण घडवलेली आडनावे पाहा. अलिबाग-पेणकडच्या बेने इस्रायली ज्यूंनीही आपल्या गावांना ‘कर’ जोडून किहीमकर, पेणकर, नवगावकर ही नावे घेतली. फडणीस, चिटणीस, पारसनीस यांच्यातला ‘नीस’ म्हणजे फारसीतला लिहिणारा. नाना फडणवीसांचे घराणे मूळचे भानू. दप्तर हाती आले आणि भानू मागे पडले. कुलकर्णी वतन १९५०च्या कायद्याने गेले, पाटीलकी १९६२च्या कायद्याने; आडनावे राहिली. सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे गोऱ्हे पुण्यात फुलांचा धंदा करू लागले आणि फुले झाले. जोतिरावांमुळे हे आडनाव आज घरोघरी माहीत आहे. पण यातले गाव वडिलांचे, वतन आजोबांचे, धंदा चुलत्यांचा. आईच्या गावावरून पडलेले आडनाव शोधायला दिवा घेऊन फिरावे लागेल.

पहिल्या नावांत तर हा भेद काळजाला लागतो. पाठोपाठ मुले दगावली की पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, भिकू म्हणायचे. कुणी बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणायचे आणि उकर्डा म्हणायचे. काळाची नजर अशा टाकाऊ नावावरून सरकून जावी आणि पोर जगावे, ही त्यामागची माया. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीला म्हणायचे नकोशी किंवा नकुसा. इथेही नाव टाकाऊच, पण नवस उलटा: आता मुलगी पुरे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११मध्ये अशा २८५ मुलींचे प्रशासनाने समारंभ करून नव्याने बारसे केले. त्यांतल्या शाळकरी मुली तोवर हजेरीत रोज ‘नकोशी’ या हाकेला ‘हजर’ म्हणत होत्या. हे लिहिताना आजही हात थांबतो.

म्हणून २०२४चा निर्णय मला मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच तो अर्धा वाटतो. आईचे नाव आले, पण कोणते? कित्येक घरांत लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहून जुने पुसले गेलेले असते. शिवाय विवाहित स्त्रीने आपल्या नावापुढे पतीचे नाव आणि त्याचे आडनाव लावायची पद्धत त्याच निर्णयात कायम आहे. २०२४ साली जन्मलेली मुलगी उद्या लग्न करून त्या पद्धतीने गेली, तर तिच्या नावातली आई त्या दिवशीच गळून पडणार. घराजमिनीच्या दस्तऐवजांत मात्र लग्नापूर्वीचे नाव लावायची मुभा सरकारने बाईला दिली आहे. घराच्या कागदावर जे चालते ते सगळीकडे आपोआप चालावे, आणि नाव बदलायचे असेल तिनेच वेगळा अर्ज करावा. व्यवहारात अनेकदा उलट घडते: जुने नाव ठेवणारीलाच खिडकीवर कारण सांगावे लागते.