पावसाळ्यात सकाळी गाडी मिसिंग मारते: सेन्सर गेला की पाणी गेलं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी झटके देते, इंजिन चेक लाइट लागते, पण मेकॅनिककडे नेईपर्यंत सगळं ठीक होतं. मग मेकॅनिक म्हणतो, सेन्सर बदला. बदलायचा का?

उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगतो. बडोद्यात माझं गॅरेज आहे, छोटंच. दोन पावसाळ्यांपूर्वी दांडिया बाजारातले एक काका आले. स्वतःची टॅक्सी, पेट्रोल गाडी, चार सिलिंडर. पहाटे चार वाजता अहमदाबादच्या विमानतळाचं भाडं घेऊन निघायचे. नेमकी त्याच वेळी गाडी थरथरायची, पिकअप घ्यायची नाही. दोन भाडी रद्द झाली होती आणि बँकेचा हप्ता डोक्यावर होता. एका वर्कशॉपने त्यांना ईसीयू बदलायला सांगितलं होतं, खर्च चाळीस हजारांच्या वर. काका म्हणाले, "दादा, त्यापेक्षा गाडीच विकून टाकू का?"

मी स्कॅनर लावला. कोड आला पी०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. अकरा वाजले होते, बाहेर ऊन होतं, इंजिन अगदी मऊ चालत होतं. प्लग जुने झाले होते, चारही बदलले. चार दिवसांनी पाऊस पडला आणि काका परत आले. तोच कोड. मी म्हटलं, कॉइल गेली. तिसऱ्या नंबरची नवीन कॉइल टाकली, पैसे घेतले. आठवडाभर गाडी छान चालली आणि मी खूश. आता तुम्ही ओळखलं असेल, त्या आठवड्यात पाऊसच नव्हता!

इथे थोडं थांबून हा कोड येतो कसा ते समजून घेऊ, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो. ठिणगी पडली की नाही हे ईसीयूला दिसत नाही. त्याच्याकडे क्रँक सेन्सर असतो. क्रँकला एक दातेरी चाक असतं, बऱ्याच गाड्यांत साठ दातांच्या जागा आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले. सेन्सर हे दात मोजतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का मिळतो आणि चाक क्षणभर वेगात फिरतं. तिसऱ्याच्या पाळीला तो धक्का कमी पडला की ईसीयू पी०३०३ लिहून ठेवतो. म्हणजे कोडचा अर्थ इतकाच की तिसऱ्याने नीट ढकललं नाही. कॉइल, प्लग, इंजेक्टर, वायर, कॉम्प्रेशन, कारण यातलं काहीही असू शकतं. कोड वाचून पार्ट बदलणं म्हणजे ताप आहे म्हणून थेट ऑपरेशन करणं. मी तेच केलं होतं.

काका तिसऱ्यांदा आले तेव्हा मला लाज वाटली. म्हटलं, आज रात्री गाडी इथेच सोडा. संध्याकाळी दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली आणि गाडी शेडबाहेर उघड्यावर लावली. रात्री पाऊस झाला. सकाळी सेल्फ मारला, गाडी थरथरली, स्कॅनर लावला.

ही चाचणी घरीसुद्धा करता येते, फक्त इग्निशन बंद ठेवून कॉइल काढायची. कोड कॉइलबरोबर सरकून पी०३०२ झाला, तर कॉइल खराब. कोड पी०३०३ वरच राहिला, तर कॉइल निर्दोष आणि दोष त्या जागेत. पण दोष हजर असतानाच चाचणी करायची. कोरड्या गाडीवर अदलाबदल करून काहीही कळत नाही.

कोड पी०३०३ वरच होता. म्हणजे काकांची जुनी कॉइलही चांगलीच होती. प्लग नवे. मग मी कॉइलचा कपलर काढून टॉर्च मारला. रबरी सील फाटलेलं, आत पाण्याचा थेंब, पिना हिरव्या पडलेल्या. कॉइल बदलताना हाच कपलर मी हाताने काढला होता आणि घाईत आत पाहिलंच नव्हतं.

पण पाणी फक्त तिसऱ्यावरच का? एक मग पाणी काचेवर ओतलं आणि बोनेट उघडं ठेवून बघत बसलो. वायपरखाली जी काळी जाळी असते, तिच्या खालच्या पन्हळीत कडुलिंबाची पानं साचून भोक बुजलं होतं. पाणी तुंबून कडेच्या फाटक्या रबरावरून बरोबर त्या कपलरवर ठिबकत होतं. काका रोज रात्री कडुलिंबाखाली गाडी लावायचे. इंजिन वीसेक मिनिटं चाललं की उष्णतेने कपलर सुकायचा आणि माझ्याकडे येईपर्यंत पुरावा गायब! पन्हळ साफ केली, रबर बदललं, नवीन कपलर वायरिंगला जोडला. खर्च काहीशे रुपये. ईसीयूला हातही लावला नाही.

आता सेन्सरकडे येऊ, कारण सेन्सरही खरोखर जातात. फक्त त्यांची खोड बहुतेक वेळा उलटी असते. क्रँक सेन्सर म्हातारा झाला की थंड असताना ठीक चालतो आणि गरम झाला की दगा देतो. हायवेवर तासभर चालून गाडी किल्ली फिरवल्यासारखी एकदम बंद पडते, सेल्फ फिरतो पण पेटत नाही, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंवा स्कॅनरवरचा आकडा बघा. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर संशय क्रँक सेन्सरवर किंवा त्याच्या वायरवर. कोड बहुधा पी०३३५ मिळतो, पण कधी कधी मिळतही नाही. कॉइलही गरम झाल्यावर दगा देऊ शकते, पण ती एका सिलिंडरची असेल तर गाडी लंगडते, एकदम मरत नाही.

दुसरा बदनाम सेन्सर कूलंटच्या तापमानाचा. त्याची परीक्षा सगळ्यात सोपी. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करण्याआधी फक्त इग्निशन ऑन करा आणि स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. हवा २६ अंश आणि कूलंट ७० दाखवत असेल, तर सेन्सर खोटं बोलतोय. ईसीयूला वाटतं इंजिन गरम आहे, तो पेट्रोल कमी देतो आणि सकाळी गाडी रडते. कूलंट उणे ४० दाखवत असेल, तर बहुतेक वेळा वायर तुटलेली किंवा कपलर निघालेला असतो. सेन्सर विकत घेण्याआधी तिथे बघा. मोबाइलला जोडणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर या कामाला पुरतो.

टाकीत पाणी गेलं असेल तर त्रास एका सिलिंडरला होत नाही, चारही लंगडतात, आणि बहुधा पेट्रोल भरल्यानंतर लगेच. पुरात बुडालेली गाडी हा वेगळाच विषय आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आम्ही पुष्कळ भोगलं. तशा गाडीला सेल्फ मारूच नका.

आणि एक कळकळीची विनंती. इंजिन चेक लाइट नुसती लागलेली असेल तर जपून गॅरेजपर्यंत जा. पण ती लुकलुकत असेल तर गाडी कडेला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, तो आतून वितळू शकतो, आणि त्याची किंमत ऐकून तुम्हाला कॉइल स्वस्त वाटेल. तसंच सर्व्हिसिंगला गाडी दिलीत की इंजिनवर प्रेशर पंप मारू नका असं स्पष्ट सांगा. चकचकीत इंजिनच्या हौसेपायी कपलरमध्ये पाणी घुसलेल्या गाड्या माझ्याकडे भर उन्हाळ्यात येतात.

काकांची जुनी कॉइल मी परत बसवली, नवीन काढून घेतली आणि तिचे पैसे परत दिले. ते नको नको म्हणत होते. ती नवीन कॉइल आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, अदलाबदलीच्या चाचणीसाठी वापरतो. तुमचा प्रश्न पाठवाल तेव्हा कोड, गाडी रात्री कुठे उभी असते आणि त्रास थंड असताना होतो की गरम झाल्यावर, एवढं नक्की लिहा.