बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

चांदूर बाजारच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावरचा बोजा समजावून सांगावा लागत नाही. समजा, दुसऱ्याच कुणी बँकेची सगळी बाकी भरली आणि बोजा उतरला. पण शेतकऱ्याने नवा सातबारा काढलाच नाही आणि हप्त्याच्या धास्तीने तो रात्र रात्र जागतोच आहे. ख्रिस्ती श्रद्धेतलं तारण, म्हणजे पापातून सुटका, इथून समजायला लागतं. पापाची बाकी येशूने वधस्तंभावर भरली. माणसाने त्यावर विसंबायचं. या विसंबण्याला विश्वास म्हणतात, आणि न कमावता मिळालेल्या माफीला कृपा.

ऐकायला सोपं, पचायला फार जड. पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीला त्यासाठी आठ वर्षं लागली.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. अख्खं कुटुंब तीर्थामागून तीर्थ पायी हिंडलं. व्रतं, स्नानं, दानधर्म यांत होतं नव्हतं ते संपलं. दुष्काळात आईवडील गेले. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथल्या वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलमचं एक घर दाखवलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. हे असं का, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला: विहिरीवर पाण्याला आलेली, यहुद्यांनी तुच्छ लेखलेली शोमरोनी बाई आणि तिच्याशी बोलत बसलेला येशू. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी आपल्या लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला.

तरी मन निवलं नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत स्वच्छ सांगितलं. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. धर्मगुरू झाल्यानंतर कितीतरी वर्षांनी त्याला स्वतःला हा विश्वास गवसला होता! माझ्या मते रमाबाईंचीही गाठ इथेच होती. तीर्थं सुटली, तरी देवापुढे पात्र ठरण्याची धडपड सुटली नव्हती. १८९१ च्या सुमारास ती सुटली.

माफीने नातंही बदलतं. माणूस दास राहत नाही, लेकरू होतो, असं पौल गलतीकरांना लिहितो. चांदूर बाजार तालुक्यातल्याच माधानचे गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत. त्यांची वाट निराळी, आणि दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण लेकपणात भय कसं गळून पडतं, हे या मातीला परकं नाही.

आचरण येतं ते यानंतर. प्रार्थना, शास्त्रवाचन, मंडळीची संगत, प्रभुभोजन यांनी सुटका मिळवायची नसते; मिळालेली सुटका त्यांतून रोजच्या जगण्यात उतरते. भारतात परतल्यावर विधवांसाठी काढलेल्या पुण्याच्या शारदा सदनात रमाबाई खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करीत आणि मुली आपणहून येऊन बसत. त्यावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई हलल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला उभ्या राहिलेल्या वसाहतीचं नाव मुक्ती. तिथेच मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, आणि छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं.