गोळीतील लोह मोजतात कसे?

वसई-विरारच्या नागरी आरोग्य केंद्रांत गर्भवतींना मिळणारी लाल गोळी २०१८ च्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमाच्या निकषांनुसार ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल देणारी असते. ती रोज, १८० दिवस घ्यायची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढले नाही, की ‘बाईने गोळ्या घेतल्याच नसतील’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. गोळीची तपासणी क्वचितच कोणाला सुचते.

लेबलवरील आकडा बहुधा क्षाराचा असतो, लोहाचा नव्हे. स्फटिकजल असलेल्या फेरस सल्फेटमध्ये लोह जेमतेम २० टक्के, फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के. साहजिकच ६० मिलिग्रॅम लोहासाठी पहिला क्षार ३०० मिलिग्रॅम लागतो, तर दुसरा १८० च्या आसपास पुरतो.

प्रयोगशाळेत साधारणपणे वीस गोळ्या वजन करून कुटल्या जातात. ठरावीक भुकटी सौम्य गंधकाम्लात विरघळवून तिचे सेरिक अमोनियम सल्फेटने अनुमापन करतात. फेरॉइन या दर्शकाचा लाल रंग जाऊन फिकट निळसर छटा आली, की फेरस लोह संपले. महाविद्यालयांत हेच काम पोटॅशियम परमँगनेटने करतात. मात्र ते गोळीवरील साखरेलाही सोडत नाही, त्यामुळे लोह वाजवीपेक्षा अधिक दिसण्याचा धोका असतो.

दुसरी पद्धत रंगमापनाची. फेरस लोह फेनँथ्रोलिनशी संयोग पावून नारिंगी-लाल रंग देते. त्याची तीव्रता ५१० नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. द्रावणात आधी हायड्रॉक्सिलअमाइन घातले तर फेरिक लोहाचेही फेरस होते व एकूण लोह कळते. दोन मोजमापांतील फरक म्हणजे गोळीत ऑक्सिडीकरण झालेले लोह. शरीर ते तुलनेने कमी शोषते. खाडी आणि समुद्र यांच्यामधील वसईच्या पावसाळी दमट हवेत उघड्या डबीतल्या गोळ्यांवर तपकिरी डाग दिसले, तर कारण बहुधा हेच. लोह पुरेसे असूनही गोळी पोटात वेळेत विरघळली नाही तर उपयोग शून्य. म्हणून विद्राव्यतेची चाचणी वेगळी घेतात.

औषध निरीक्षक नमुने घेतातच. परंतु औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम २६ नुसार विकत घेतलेले औषध विहित शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार सामान्य ग्राहकालाही आहे.