रॉक मशीन ते इंडस क्रीड : चार अल्बम, अठ्ठावीस वर्षं

‘रॉक मशीन’ हा बँड मुंबईत 1984 मध्ये उभा राहिला. त्याचा पहिला अल्बम ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ यायला मात्र 1988 उजाडलं. त्या काळी कॉलेजच्या महोत्सवांत रॉक बँडकडून अपेक्षा एकच असे : परदेशी बँडची गाजलेली गाणी रेकॉर्डबरहुकूम वाजवावीत. नक्कल जितकी हुबेहूब, तितक्या टाळ्या. अशा श्रोत्यांपुढे स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांचा अख्खा अल्बम काढणं हा जुगारच होता.

त्याआधीचे प्रयत्न तुरळक. 1970-71 मध्ये सिमला सिगारेटच्या नावाने झालेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडची गाणी रेकॉर्डवर आली, पण एकेका बँडच्या वाट्याला एखाददुसरंच. आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे ज्यात गायले, त्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा एकमेव अल्बम 1981 मध्ये आला आणि विस्मरणातही गेला.

अडचण स्टुडिओतही होती. मुंबईतल्या ध्वनिमुद्रणाची घडी बसली ती सिनेमाच्या गाण्यावर. वादक शिफ्टला येणार, समोर नोटेशन ठेवलं जाणार, टेक ओके झाला की मंडळी पांगणार. रॉकचं गाणं थराथराने चढतं. आधी ड्रम आणि बास पक्के करायचे, मग गिटार, शेवटी गायन. एकट्या ड्रमसेटलाच अनेक माइक लागतात : बास ड्रमच्या तोंडाशी एक, स्नेअरच्या कडेला एक, झांजांवर वरून दोन. गिटारची वायर थेट मिक्सरला जोडली तर आवाज पिचका येतो. अ‍ॅम्प्लिफायर चढवून त्याच्या स्पीकरपुढे माइक लावावा लागतो. पुढे मिक्सिंग. चित्रपटगीतात गायकाचा आवाज पुढे आणि बाकी सगळं अदबीने मागे. रॉकमध्ये ड्रम आणि गिटारने गायकाच्या बरोबरीने अंगावर यायचं असतं. हा कान तेव्हा इथे फारसा तयार नव्हता. बँडच्या सुरुवातीच्या अल्बमचा आवाज आज पातळ वाटतो, त्याचं खापर वाजवणाऱ्यांवर फोडू नये.

तरीही ‘टॉप ऑफ द रॉक’ हे गाणं कॉलेजच्या पोरांनी उचलून धरलं. मुंबईकरांना धोबीतलावच्या रंगभवनात रॉक प्रत्यक्ष ऐकता येई. मराठवाड्यात तशी सोय कुठली? तेव्हाच्या औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे, पण ते नाटकवाल्यांचं. अशा शहरांतल्या श्रोत्याची भिस्त कॅसेटवर, आणि 1991 नंतर केबलवरच्या एमटीव्हीवर. 1990 च्या ‘द सेकंड कमिंग’ या दुसऱ्या अल्बममधलं ‘प्रिटी चाइल्ड’ गावोगाव पोचलं ते व्हिडिओमुळेच.

1993 मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. जुन्या नावाने हे हेवी मेटलवाले असावेत असा समज होई, आणि संगीत तर तिथून केव्हाच पुढे सरकलं होतं. 1995 च्या ‘इंडस क्रीड’ या अल्बममध्ये भारतीय रंग उतरले. पण तोवर इंडीपॉपची लाट आली होती; कंपन्यांचा पैसा हिंदी गाण्यांकडे वळला. 1997 मध्ये बँड मोडला.

2010 मध्ये तो पुन्हा जमला. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया हे जुने; रुशाद मिस्त्री आणि जय रो कवी हे नवे. 2012 चा ‘इव्हॉल्व्ह’ आठच गाण्यांचा, पण मिक्सिंग टिम पामर यांचं. पर्ल जॅमचा ‘टेन’ हा गाजलेला अल्बम मिक्स करणारे तेच. मिक्सिंगचा हा फरक पहिल्याच गाण्यापासून कानाला कळतो. रचनाही लांब आणि गुंतागुंतीच्या. नाचायला निरुपयोगी, हे खरं. तोवर एमटीव्ही रिअ‍ॅलिटी शोमध्ये रमलं होतं, त्यामुळे ‘प्रिटी चाइल्ड’सारखा घराघरांत पोचण्याचा मार्ग या गाण्यांना मिळाला नाही. चारांत सर्वांत गाजलेला अल्बम हा नव्हे, पण सर्वांत चांगला हाच. ज्याने बँड कधीच ऐकला नाही, त्याने इथून सुरुवात करावी आणि मग मागे जावं.