पऱ्हाटीचा पुनर्वापर

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिणेस, उमापूर हे गाव आहे. या भागात कपाशी हे खरिपाचे प्रमुख पीक असून, शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटून बांधावर रचण्याचा प्रघात आहे. तीपैकी काही चुलीस जाते व पुष्कळशी उन्हाळ्यात पेटवून दिली जाते. रान झटपट मोकळे होते हे खरे. परंतु पिकाने जमिनीतून उचललेल्या द्रव्यांपैकी पालाश व चुना राखेत उरतो. नत्र व सेंद्रिय कर्ब जवळजवळ सर्वच धुरावाटे निघून जातात. पुढे नत्र युरियाच्या गोणीतून विकत आणता येते. कर्ब मात्र रासायनिक खताच्या गोणीत मिळत नाही.

रद्दीपासून पुन्हा कागद करावयाचा तर कारखाना लागतो. शेतातील काडीकचऱ्याचा पुनर्वापर करणारे कारागीर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू होत. त्यांना ओल व हवा लागते, आणि सुमारे ३० भाग कर्बास १ भाग नत्र असा आहार मानवतो. पऱ्हाटीत कर्ब याहून पुष्कळ अधिक असल्यामुळे नुसत्या पऱ्हाटीचा ढीग लवकर कुजत नाही. शेण, गोमूत्राने भिजलेली माती किंवा हिरवा पाला मिसळल्यास नत्राची उणीव भरून निघते.

कापसाच्या प्रदेशात हा प्रयोग नवा नव्हे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्टची पद्धत बसविली आणि यशवंत वाड यांच्यासह लिहिलेल्या १९३१ च्या ग्रंथात ती प्रसिद्ध केली. तेथे कपाशी व तुरीच्या कठीण काड्या शेतावरील रस्त्यांवर पसरीत. जाण्यायेण्याच्या रहदारीने त्यांचा भुगा होई. ही युक्ती बिनखर्चाची असून आजही उपयोगी पडण्यासारखी आहे. कुट्टीयंत्र भाड्याने मिळत असल्यास काम अधिक लवकर होते. इंदूर पद्धतीत ढीग अधूनमधून उलटावा लागतो व सुमारे ३ महिन्यांत खत तयार होते.

मजुरांची टंचाई असेल तेथे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे यांची 'नाडेप' पद्धत सोयीची आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधावे व हवेसाठी भिंतींत छिद्रे ठेवावीत. त्यात काडीकचऱ्याचा ६ इंचांचा थर, त्यावर शेणकाला व त्यावर चाळलेली कोरडी माती, या क्रमाने टाके काठाच्या दीड फूट वर येईतो भरून मातीशेणाने लिंपावे. एका टाक्यास सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १,७५० किलो माती व १,५०० ते २,००० लिटर पाणी लागते. शेण किती थोडे लागते, हे ज्यांच्या दावणीला एकच जनावर आहे त्यांनी अवश्य ध्यानात घ्यावे. भरण खचल्यावर, म्हणजे १५ ते २० दिवसांनी, पुन्हा थर देऊन लिंपावे. ओल टिकविल्यास ३ ते ४ महिन्यांत सुमारे ३ टन खत मिळते.

गुलाबी बोंडअळीविषयी मात्र हयगय करू नये. २०१७ च्या हंगामात या अळीने मराठवाडा व विदर्भात कपाशीचे मोठे नुकसान केले. न उमललेल्या बोंडांत ती सुप्तावस्थेत राहते. म्हणून फरदड न घेता पीक वेळेवर काढावे व पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नये. किडकी बोंडे आधी वेचून नष्ट करावीत. तेवढीच जाळण्यास हरकत नाही. उरलेल्या पऱ्हाटीचा विनाविलंब भुगा करून टाके भरावे.

ठिबकच्या जुन्या नळ्या व आच्छादनाचा प्लास्टिक कागद टाक्यात घालू नये, कारण जंतूंना तो पचत नाही. नळ्या स्वच्छ करून भंगारवाल्यास द्याव्यात. त्या वितळवून प्लास्टिकचे दाणे करतात.

कोरडवाहू कपाशीस हेक्टरी ५ टन चांगले कुजलेले खत धरल्यास, एका टाक्यात सुमारे दीड एकराची सोय होते. फेब्रुवारीत भरलेले टाके मृगापूर्वी उघडता येते.