गार्डाचा डबा : मेजावरचा एक उद्योग

मालगाडी समोरून जाऊं लागली म्हणजे मुलें इंजिनाकडे पाहतात, कांहीं डबे मोजतात, आणि शेवटचा डबा येईपर्यंत त्यांचें लक्ष उडालेलें असतें. आम्हीं प्रतिकृति करावयास घेतली ती त्या शेवटच्या डब्याचीच. तयार भागांची पेटी न आणतां नकाशावरून प्रत्येक तुकडा स्वतः कापावयाचा, असा आमचा हट्ट होता. आणि त्यासाठीं निवडला इंग्लंडांतील ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा २० टनी ब्रेकचा डबा.

तारेंत शब्द वांचावे म्हणून या कंपनीनें मालडब्यांच्या निरनिराळ्या जातींस सांकेतिक नांवें दिलीं होतीं. त्यांत प्राण्यांचीं पुष्कळ. बंद डबा तो ‘मिंक’, अवजड यंत्रें वाहणारा तो ‘क्रोकोडाइल’, आणि गार्डाचा डबा ‘टोड’, म्हणजे बेडूक. आपल्याकडे वॅगनची वाघीण झाली ती उच्चाराच्या ओढीनें. यांनीं हें बुद्ध्याच केलें.

त्या काळीं तिकडील बहुतेक मालडब्यांस इंजिनांतून चालणारे ब्रेक नसत, आणि डबे एकमेकांस सैल सांखळ्यांनीं जोडलेले असत. उतारावर सांखळ्यांना हिसके बसूं नयेत म्हणून गार्डानें मागून हातब्रेक आवळून त्या ताणलेल्या ठेवावयाच्या. चढावर सांखळी तुटली, तर मागें घसरूं लागलेल्या डब्यांना थोपविणारा हा एकच डबा. म्हणून त्याचें वजन, म्हणूनच रुळांवर सोडावयाच्या वाळूची पेटी. शेगडी मात्र थंडीसाठीं.

आम्हीं फुटास ४ मिलिमीटर हें प्रमाण धरलें. २४ फुटांचा डबा ९६ मिलिमीटर झाला. दोन आंसांमधील १६ फूट अंतर ६४. रुळांशीं मात्र हिशेब जुळत नाहीं. ४ फूट ८॥ इंचांचे १८.८३ मिलिमीटर व्हावयास हवेत, परंतु या प्रमाणाच्या गाड्यांसाठीं बाजारांत सर्रास मिळणारे रूळ १६.५ चे. ज्यांना हें सोसत नाहीं ते स्वतःच रूळ बसवितात. आम्हीं सोसलें.

अर्धा मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पत्रा घेतला, सुरीच्या पाठीनें फळ्यांच्या रेघा ओढल्या. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून अगदीं सारख्या कापल्या, याचा मोठा अभिमान वाटला. जोडावयास घेतों तों एका बाजूच्या रेघा आंत! या डब्यास ओसरी एकाच टोकास. ब्रेकचें चाकही तेथेंच. अर्थात् बाजू वहाणांप्रमाणें डाव्या-उजव्या असावयास हव्या होत्या. ओसरी दोन्ही टोकांस असती तर चूक खपून गेली असती. गंमत अशी कीं, १ जानेवारी १९४८ रोजीं तिकडील रेल्वे सरकारी झाल्यावर जो नवा नमुना पत्करण्यांत आला, तो लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या धर्तीचा, दोन ओसऱ्यांचा होता. आमची मात्र संध्याकाळ फुकट गेली.

दुसरा दोष चालवितांना कळला. दोन्ही आंस पक्के बसविले होते. रुळांच्या सांध्यावर डबा उतरलाच. चार चाकें एका पातळींत आणणें घरच्या हत्यारांनीं कठीण. शेवटीं एक आंस पक्का ठेवून दुसरा मध्यें टेकूवर डुलता केला, तेव्हां तिपाईप्रमाणें तो कशाही रुळावर स्थिर झाला. तळास शिशाचे तुकडे चिकटविले. प्रतिकृतीसही वजनावांचून गति नाहीं.

पितळी तारेचे कठडे वळविण्यांत सर्वांत अधिक दिवस गेले. दोन्ही अंगांस लांब पायफळ्या, आणि त्यांवर उभ्या माणसाला धरावयास इतक्या तारा, कीं चालत्या गाडीवर चढण्या-उतरण्याचें तें काम किती जोखमीचें असेल हें भोकें पाडतां पाडतांच उमगलें. छपराचा पत्रा बाटलीला बांधून ऊन पाण्यांत बुडवून वांकविला. तो आम्हीं चिकटविलेला नाहीं. आंत संपलेल्या लेखणीच्या नळीची शेगडी आहे, आणि घरांतील मुलें ती पाहावयास दिवसांतून दोनदां छप्पर उचलतात.