तुळशीला पाणी किती घालावे?

ज्येष्ठ महिन्यात आम्ही इंदूरचा जुना वाडा सोडून सदनिकेत राहावयास आलो. मातोश्री हयात नाहीत. त्यांच्या वृंदावनातील तुळशीचे एक रोप तेवढे सोबत आणले. सज्ज्यात कुंडी ठेवली आणि तीत वाड्याच्या परसातील काळी माती भरली. घरातील प्रत्येकजण स्नानानंतर श्रद्धेने तांब्याभर पाणी घाली. माणसे पाच, तांबे पाच! श्रावणात पाने पिवळी पडून गळू लागली, शेंड्यांनी माना टाकल्या. रोप तहानेले असेल, असे समजून आम्ही सहावा तांब्या ओतला.

नेमके येथेच चुकते. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधील पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या, की मुळे गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळास पाणी शोषता येत नाही. म्हणून ओल्या मातीतले रोपही कोमेजते. त्यातून माळव्याची काळी माती ओल धरून ठेवणारी. शेतातील गहू-हरभऱ्यास ती वरदान; कुंडीत मात्र तिचा चिकट गोळा होतो.

कुंडी उपडी केली, तो तळाचे छिद्र बुजलेले आणि मातीस आंबूस वास! निरोगी मुळे पांढरट व टणक असतात. काळपट, बुळबुळीत झालेली मुळे आम्ही कात्रीने कापली व वाळलेले शेंडे खुडले. मग माती, जाड वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग मिसळले, छिद्रावर खापरीचा तुकडा पालथा ठेवला आणि रोप पुन्हा लावून आठवडाभर सावलीत ठेवले.

आता आमच्या घरी नियम एकच : आधी मातीत बोट घालून पाहावे. वरची इंचभर माती कोरडी लागली तरच तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. ताटलीत साचलेले ओतून टाकावे. पावसाळ्यात व थंडीत माती उशिरा वाळते, हे ध्यानी ठेवावे. मग नित्यपूजेचे काय? सौभाग्यवतींनी तोड काढली : घरातील सर्वांच्या वतीने एकच पळीभर पाणी. श्रद्धा काही तांब्याने मोजावयाची नसते.

कार्तिकात तुळशीचे लग्न लागले, तेव्हा रोपास दोनच फांद्या होत्या. पण दोन्ही हिरव्या होत्या. यंदा मंजिऱ्या वाळल्या, की त्यांचे बी आम्ही दुसऱ्या कुंडीत पेरणार आहोत. मातोश्रींची तुळस एकाच कुंडीच्या भरवशावर ठेवणे आता नको.